दीपनगरची सडक

खानदेशचे नाव काढले की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : केळी आणि ऊन. उन्हाबद्दल माझा वाद नाही. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर ज्याने अर्धा तास काढला आहे, त्याला ते कुणी समजावून सांगायला नको. पण दिवाळीच्या तोंडावर जो या मुलुखात येईल त्याला तो निराळाच दिसेल. पावसाने धुऊन काढलेले आभाळ, पहाटेचा गारवा, कपाशीची बोंडे फुटून पांढरी झालेली शेते आणि त्यांच्यामध्ये केळीच्या बागांचे गर्द हिरवे चौकोन. आमच्या सौभाग्यवतींनी तर आगगाडीच्या खिडकीतूनच जाहीर करून टाकले की, 'मला कुणी सांगितलेच नव्हते की खानदेश इतका हिरवा असतो!'

आमचा मुक्काम होता दीपनगरला. भुसावळहून आठ-दहा किलोमीटरवर, वरणगावच्या वाटेवर ही वसाहत आहे. नाव मोठे समर्पक. फेकरीच्या माळावर येथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, पहिला संच १९६८ साली सुरू झाला, आणि कामगारांसाठी जी वसाहत वसली तिला दिव्यांचे नगर हे नाव मिळाले. तो पहिला संच साडेबासष्ट मेगावॅटचा होता. आज तो कधीच निवृत्त झाला आहे. त्याच्या जागी पाचशे-पाचशेचे दोन संच आहेत आणि आता सहाशे साठ मेगावॅटचा एक नवा संच उभा राहिला आहे. पाणी तापीवरच्या हतनूरच्या धरणातून येते, कोळसा आगगाडीने येतो, आणि उरलेली राख वेल्हाळ्याच्या शिवारातल्या तलावात जाते. तिथूनही तिला स्वस्थता नाही. सिमेंटवाले आणि विटावाले ती उचलतात, आणि त्या राखेच्या गाड्या रात्रंदिवस सडकेवर असतात.

सडक म्हणजे साधीसुधी नव्हे. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करीत विदर्भात शिरणारा आणि तिथून कोलकात्याच्या वाटेला लागणारा हा जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. २०१० साली सगळ्या महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा याला त्रेपन्न हा आकडा मिळाला. पण ढाब्यावर बसलेला जुना ड्रायव्हर अजून 'सहा नंबर'च म्हणतो. आता ही सडक चौपदरी झाली आहे. गुजरातेतले कापड, विदर्भातली संत्री, रावेर-यावलची केळी, दीपनगरची राख, सगळे याच रस्त्यावर एकमेकांना मागे टाकत असते. आणि मधूनच एखादी कपाशीची बैलगाडी, आपल्याच विचारात, उलट्या बाजूने.

या रस्त्याच्या काठी माझी ताई गेली सव्वीस वर्षे राहते. भाऊजी वीजकेंद्रात आहेत. कंट्रोल रूममध्ये साध्या ऑपरेटरपासून सुरुवात करून आता ते पाळीचे प्रमुख झाले आहेत. त्यांना एक मुलगी. ती यंदा जळगावला विद्यापीठात जाऊ लागली, आणि चार महिन्यांपूर्वी तिला मोटार चालवण्याचा पक्का परवाना मिळाला. आता रोज मोटारीने जाऊ द्यायचे की नाही, यावर त्या घरात दिवाळीच्या आधीच फटाके वाजू लागले होते. ताईचे म्हणणे, नाही. मुलीचे म्हणणे, का नाही? आणि भाऊजींचे म्हणणे असे की हात बसला की सगळे जमते, मीच नाही का तीस वर्षे चालवीत!

'हात बसणे' हा आपल्या भाषेतला मोठा सुंदर शब्दप्रयोग आहे. पोळ्यांवर हात बसतो, टंकलेखनावर बसतो, तबल्यावर बसतो. हात बसला की मन मोकळे होते. ताई पुरणपोळी लाटता लाटता तीन शेजारणींशी बोलते आणि पोळी कुठे फाटत नाही. मानसशास्त्राच्या पंडितांनी याचा अभ्यास फार पूर्वीच सुरू केला. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर नावाच्या दोघांनी १८९७ मध्ये तारायंत्रावर काम करणाऱ्यांचे निरीक्षण केले. नवशिक्या तारबाबूला एकेक अक्षर ऐकावे लागते, मुरलेल्याला शब्दच्या शब्द ऐकू येतात, असे त्यांना आढळले. अक्षरांकडे द्यावे लागणारे लक्ष वाचते, ते दुसरीकडे लावता येते.

मोटारीचेही तसेच. किंबहुना मोटारीचे अधिकच. क्लच, गिअर, आरसा, इंडिकेटर, हॉर्न, पुढचा ट्रक, मागचा ट्रक. दोन हात आणि दोन पाय असलेल्या प्राण्याच्या मानाने ही यादी फार लांब आहे. इस्रायलमध्ये शिनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना हाताने गिअर टाकायची गाडी दिली, काहींना आपोआप गिअर बदलणारी, आणि रस्त्याकडेच्या पाट्या किती दिसल्या ते पाहिले. नवशिक्यांना हाताच्या गिअरवर पाट्या कमी दिसल्या. मुरलेल्यांना दोन्ही गाड्यांत सारख्याच दिसल्या. म्हणजे गिअर टाकताना नवशिक्याचे डोळेसुद्धा त्या दांड्यात अडकतात म्हणायचे!

हे मला प्रत्यक्षच पाहायला मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने मला गाडीत बसवले. 'मामा, वरणगावपर्यंत जाऊन येऊ, तुम्हीच सांगा मी कशी चालवते ते.' आई-बापांच्या भांडणात तिला एक साक्षीदार हवा होता. पोरीचे बसणे व्यवस्थित, पट्टा लावलेला, आरसा नीट केलेला, परीक्षेला बसावे तसे सारे. पण वसाहतीच्या फाटकातून सडकेला लागताना तिने दुसरा गिअर टाकला आणि त्या क्षणी उजवीकडून येणारा राखेचा हायवा तिच्या दृष्टीने जगात नव्हता. तो मी पाहिला. तिने ब्रेक मारला तो माझ्या 'अगं!' या शब्दावर. पुढे रस्त्यावर आल्यावर मी तिच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवले. नजर बॉनेटच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर खिळलेली, मधून मधून रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर. लांब कुठे तरी एक बैलगाडी आडवी वळत होती. ती तिला दिसली तेव्हा आम्ही तिच्या अगदी जवळ पोहोचलो होतो.

यात त्या पोरीचा विशेष दोष नाही. १९७२ साली मुरंट आणि रॉकवेल यांनी चालकांच्या डोळ्यांवर यंत्र बसवून हेच टिपले होते. नवशिके गाडीच्या जवळ पाहतात आणि कडेकडे पाहतात, कारण गाडी पट्ट्यात ठेवणे हीच त्यांची मोठी चिंता असते. आरशात ते क्वचित पाहतात. मुरलेला चालक लांब पाहतो. पट्टा त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो. फिनलंडमध्ये १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. गाडी चालवताना रेडिओ लावणे, फोन फिरवणे अशी कामे दिली, तर मुरलेले चालक नजर थोडा थोडा वेळ खाली नेतात आणि परत रस्त्यावर आणतात. नवशिक्यांचे काही कटाक्ष फार आखूड, तर काही भलतेच लांब. ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. तीन सेकंद खाली पाहिले तर आमच्या दीपनगरच्या वसाहतीतली निम्मी गल्ली डोळे मिटून ओलांडल्यासारखे झाले.

वरणगावला आम्ही चहा घेतला. तिथे केळीच्या एका ट्रकचा ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर बसले होते. क्लीनर म्हणजे पोरसवदा, पंधरा-सोळाचा दिसे, पण विचारल्यावर वीस म्हणाला. त्याचे काम काय? गाडी धुणे, टायर बघणे आणि डाव्या बाजूला तोंड बाहेर काढून ओरडणे. 'जाऊ द्या, जाऊ द्या... थांबा!' मोठा ट्रक डावीकडून ड्रायव्हरला दिसतच नाही. ते डोळे भाड्याने घेतलेले असतात. आपल्या एस.टी.तही तीच व्यवस्था. कंडक्टर तिकिटे फाडतो, सुट्ट्या पैशांवरून भांडतो, एक घंटा थांबायची, दोन घंटा निघायच्या. ड्रायव्हरने फक्त रस्ता पाहायचा. १९४८ साली पहिली एस.टी. पुण्याहून नगरला सुटली तेव्हापासून हा संसार दोघांचा आहे. हल्ली ट्रकवर क्लीनर ठेवणे परवडत नाही म्हणून पुष्कळ ड्रायव्हर एकटेच निघतात आणि क्लीनरच्या जागी समोरच्या काचेवर फोन चिकटवतात. फोन गप्पा मारतो, गाणी ऐकवतो, वाटही दाखवतो. पण 'थांबा!' म्हणून तो ओरडत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी भाऊजी आम्हां सगळ्यांना भुसावळच्या बाजारात घेऊन गेले. आकाशकंदील, पणत्या, फराळाचे राहिलेले सामान. भाऊजींचे गाडी चालवणे पाहण्यासारखे आहे यात संशय नाही. एका हाताने चक्र, बोलता बोलता गिअर, ट्रकचा इंडिकेटर लागण्याआधीच याला कळलेले की तो आता वळणार. 'कसे काय कळले हो?' मी विचारले. म्हणाले, 'त्याचे पुढचे चाक बघा. दिवा खोटे बोलतो, चाक बोलत नाही.' मागच्या बाकावर आमच्या सौ. आणि ताई लाडवांच्या पाकाबद्दल बोलत होत्या, भाऊजी त्यातही भाग घेत होते, आणि समोर म्हैस आली की मध्येच गप्प बसून, ती गेली की वाक्य पुरे करीत होते.

परतताना फोन आला. वीजकेंद्रातून होता. बॉयलरच्या कुठल्याशा नळीतून गळती असल्याचा संशय होता, आणि पाळीवरच्या माणसाला सल्ला हवा होता. भाऊजींनी फोन हातात घेतला नाही, तो गाडीच्या ध्वनिक्षेपकावर लावला. दोन्ही हात चक्रावर, डोळे रस्त्यावर. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. २०१९ सालच्या मोटार कायद्यातल्या दुरुस्तीने हातात फोन धरून बोलणे धोक्याच्या गाडी चालवण्यात घातले, आणि ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोनचा उपयोग वाट पाहण्यापुरता राहिला. हाताचे झाले. कानाचे काय, याबद्दल कायदा फारसे बोलत नाही.

भाऊजी बोलू लागले. ड्रमची पातळी किती, भट्टीतला दाब किती, मेकअप पाणी वाढले का. मी पाहत होतो. गाडीचा वेग हळूहळू खाली आला. मागून एकाने हॉर्न दिला, दुसऱ्याने दिला, तिसरा डावीकडून शिव्या देत गेला. आरशाकडे भाऊजींची नजर एकदाही गेली नाही. चाके बघणारे हे गृहस्थ आता चाके बघत नव्हते. ते बॉयलरच्या आत बसले होते. वीजकेंद्राच्या धुराड्यांवरचे तांबडे दिवे उजवीकडून आले आणि मागे गेले. वसाहतीकडे जाणारा बाजूचा रस्ता आला आणि गेला.

मागून भाचीचा आवाज आला, 'पप्पा, घर मागे राहिले.'

सव्वीस वर्षे ज्या वळणावरून माणूस रोज घरी जातो ते वळण! पुढे लांब जाऊन, पुलाखालून वळसा घालून आम्ही परत आलो. गाडीत कुणी बोलले नाही. घराशी गाडी थांबल्यावर भाची म्हणाली, अगदी हळू, 'पप्पा, डेस्कवर बसलेल्या पोराने घरच्या फोनवर बोलता बोलता अलार्म चुकवला असता, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?'

भाऊजींनी उत्तर दिले नाही. गाडीतून पिशव्या काढून ते आत गेले.

मला मात्र रात्रभर हा विषय सोडवेना. असे कसे झाले? हात तर बसलेला होता. त्यातही हात मोकळेच होते. याचा शोध ज्यांनी घेतला आहे त्यांची हकीकत मी येथे थोडक्यात देतो. कॅनडातल्या टोरांटोच्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी १९९७ मध्ये तपासण्यात आल्या. फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली, आणि हात मोकळे ठेवणारे फोन अधिक सुरक्षित असल्याचे दिसले नाही. २००१ साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी प्रयोगशाळेत तेच पाहिले. फोनवर बोलणाऱ्यांच्या नजरेतून लाल दिवे दुपटीहून अधिक निसटले. फोन हातात असो वा नसो. आणि रेडिओ ऐकणाऱ्यांचे काहीच बिघडले नाही. कारण रेडिओ प्रश्न विचारत नाही. ऐकावेसे वाटले तर ऐका, नाही तर सोडून द्या.

त्याच विद्यापीठात २००८ साली एक प्रयोग झाला तो वाचून मला भाऊजींचीच आठवण झाली. काही चालकांना शेजारी बसलेल्या मित्राशी बोलायला सांगितले, काहींना फोनवर. पुढे अमुक ठिकाणी वळून थांबायचे असे आधी ठरलेले. शेजाऱ्याशी बोलणारे बहुतेक सगळे तेथे थांबले. फोनवर बोलणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे सरळ पुढे निघून गेले! शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. गर्दी आली की तोही गप्प बसतो, किंवा म्हणतो, 'अरे, ते वळण बघ.' लाडवांचा पाक म्हशीसाठी थांबतो. बॉयलर थांबत नाही, कारण पलीकडच्या माणसाला म्हैस दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सवय झाली की हेही जमत असेल. भाऊजींचेही हेच म्हणणे होते. पण त्याच साली कूपर आणि स्ट्रेयर यांनी तेही तपासले. चार दिवस सराव दिला, गाडीत रोज बोलणारे आणि क्वचित बोलणारे असे दोन्ही गट घेतले. सरावाने गाडी चालवणे सुधारले, पण फोनचा परिणाम गेला नाही. हात बसतो तो रोज तेच ते असते तिथे. गिअरचा दांडा रोज त्याच जागी असतो. रस्त्यावरचे मूल रोज नव्या जागी असते, आणि फोनवरचे बोलणेही रोज नवेच. शंभरात दोन-अडीच माणसे खरोखर दोन्ही कामे सारखी करू शकतात, असे २०१० साली दोनशे जणांच्या परीक्षेत दिसले. ते वाचल्यावर प्रत्येकाला आपण त्या अडीच माणसांत आहोत असे वाटते, ही त्यातली गंमत.

पंडितांत मतभेद नाहीत असे मात्र नाही. व्हर्जिनियात लोकांच्या खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून जे पाहिले गेले आणि २०१४ साली प्रसिद्ध झाले, त्यात मुरलेल्या चालकांना नुसत्या बोलण्याने धोका वाढलेला दिसला नाही. नंबर फिरवण्याने वाढला, तो अडीच पट. नवशिक्यांना तेच काम आठ पट भोवले. मला त्यातली दुसरीच एक नोंद अधिक बोचली. ती नवी मुले पहिले काही महिने गाडीत कसलेच उद्योग करीत नव्हती. जसजसा हात बसू लागला तसतसे उद्योग वाढत गेले. म्हणजे भाचीची काळजी आज करायची ती करावीच. पण पुढच्या दिवाळीला अधिक करावी लागेल.

आणि अनुभवाने डोळे तयार होतात तसे ते कधी कधी आंधळेही होतात. २०१३ सालची गोष्ट. चोवीस निष्णात क्ष-किरण तज्ज्ञांना फुप्फुसांची चित्रे पाहून गाठी शोधायला सांगितल्या. एका चित्रात मुद्दाम गोरिलाची आकृती घातली होती, नेहमीच्या गाठीपेक्षा कितीतरी पट मोठी. चोवीसांतल्या वीसजणांना ती दिसली नाही. ते गाठी शोधत होते, गोरिला शोधत नव्हते! सहा नंबरच्या सडकेवर मुरलेला माणूस ट्रक शोधतो, एस.टी. शोधते. उलट्या बाजूने बिनदिव्याची येणारी कपाशीची गाडी कोण शोधणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईकडे भरिताचा बेत होता. खानदेशात येऊन भरीत न खाता परतणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवण्यासारखे. बामणोदकडची पांढरट-हिरवी मोठी वांगी, ती काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, वरून कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे. गॅसवर भाजलेल्याला ही मंडळी भरीत म्हणतच नाहीत. मागच्या अंगणात जाळ चालला होता. तिथे शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर, मुलाकडे राहतात. सारी वसाहत त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते. भुसावळच्या परिसरात आगगाडी चालवलेला माणूस प्रत्येक आळीत एक तरी सापडतोच.

भाचीने कालची हकीकत त्यांच्यापुढे मांडली. चहाडी म्हणून नव्हे, कज्जा म्हणून. काकांनी ती निवांतपणे ऐकली आणि विचारले, 'इंजिनावर दोन माणसे कशाला असतात, माहीत आहे का बेटा?'

मग त्यांनी सांगितले ते असे. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने तो मोठ्याने उच्चारायचा आणि सहायकाने पाहून तोच परत उच्चारायचा. हिरवा तर हिरवा, पिवळा तर पिवळा. तीस वर्षांची नोकरी झालेली असो, की कालचा पोरगा असो. 'डोळ्याला दिसते ते मनाला दिसतेच असे नाही. तोंडाने म्हटले की मनाला ऐकू येते.' नव्या मार्गावर कितीही जुन्या ड्रायव्हरला एकदम गाडी देत नाहीत. आधी दुसऱ्याबरोबर दिवसा आणि रात्री फेऱ्या मारून रस्ता शिकायचा, कुठे चढ, कुठे वळण, कोणता सिग्नल झाडाआड दडतो, आणि मग सही करायची की मला हा मार्ग माहीत आहे. इंजिनात चढताना मोबाईल बंद. आणि एवढे करूनही रेल्वेचा माणसावर पुरा विश्वास नाहीच. विजेच्या इंजिनात एक यंत्र असते. मिनिटभर ड्रायव्हरने हँडल, हॉर्न, ब्रेक कशालाच हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, मग घंटी वाजते, तरी हालचाल नसेल तर गाडी आपोआप थांबते.

'म्हणजे काका, तुमच्यावर इतका अविश्वास?' आमच्या सौ.नी विचारले.

'अहो, माझाच माझ्यावर नव्हता,' काका हसून म्हणाले. 'पाचशे मीटरवर सिग्नल आणि मागे दीड हजार माणसे झोपलेली. विश्वास कुणावर ठेवायचा?'

भाऊजी वांगी उलटीत होते. इतका वेळ ते बोलले नव्हते. आता म्हणाले, 'आमच्याकडेही तसेच आहे. नवा इंजिनीअर एकाच काट्याकडे बघत बसतो. जुना चार आकडे बघतो आणि बाकीचे शंभर त्याला त्यावरून कळतात. पण डेस्कवर एकटा कुणी नसतो.' थोडे थांबून म्हणाले, 'आणि फोन बाहेर ठेवायला मीच लावतो.' मग एकदम ताईकडे वळून, 'अगं, हे बघ, भाजले का आतून?' विषय वांग्यावर गेला.

भाऊबीजेच्या दिवशी मुक्ताईच्या दर्शनाला जायचे ठरले होते. जुने एदलाबाद ते आताचे मुक्ताईनगर. त्याजवळच कोथळीला मुक्ताबाईचे देऊळ आहे. दीपनगरहून हीच सडक धरून पूर्वेला जायचे. किल्ली भाऊजींनी लेकीच्या हातात दिली तेव्हा ताईने तोंड वळवले, पण काही बोलली नाही. भाऊजी डावीकडे बसले, आम्ही तिघे मागे. घरातले सगळे फोन ताईच्या पर्समध्ये आणि पर्स माझ्या पायाशी. ही व्यवस्था कुणी सुचवली ते मी सांगत नाही, कारण श्रेयावरून अजून वाद आहे.

'फाटक. उजवीकडून हायवा,' भाऊजी म्हणाले.

'उजवीकडून हायवा,' भाची म्हणाली, आणि थांबली.

'पुढे सायकल.'

'सायकल.'

'लांब बघ. त्या कडुनिंबापाशी काय आहे?'

'बैलगाडी. वळते आहे.'

'ती मला दिसलीच नव्हती,' भाऊजी म्हणाले.

वरणगाव गेले. मागे बसून हे ऐकणे म्हणजे पाढे म्हणणाऱ्या शाळेशेजारी राहण्यासारखे होते. पहिली दहा मिनिटे आमच्या सौ.ना हसू येत होते, मग त्याही सामील झाल्या. 'डावीकडे म्हैस!' म्हैस कडेला शांतपणे चरत होती, पण उच्चार झाला. ताई मात्र पदर घट्ट धरून बसली होती. मुक्ताईनगर जवळ येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

वाटेत पर्समध्ये फोन वाजला. वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. भाऊजींच्या मानेची एक शीर ताठ झालेली मला मागून दिसली.

'पप्पा,' भाची रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली, 'पुढे काय आहे?'

'ट्रक,' भाऊजी म्हणाले. 'केळीचा. त्याचे चाक बघ.'

देवळाच्या झाडाखाली गाडी लावल्यावर त्यांनी आधी फोन काढला. वीजकेंद्राचा नव्हताच. धुळ्याची मावशी, चार वेळा. येताना भरिताची वांगी आणता का, म्हणून विचारीत होती.